नालासाठी घोडा

शाळेत 'नालासाठी घोडा'चा वाक्यात उपयोग करायला सांगितला होता, तो मी गाळला होता. त्या दोन मार्कांची वसुली अजून चालू आहे.

माझा नाल चाळीस रुपयांना पडला.

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मी गेलो होतो मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं झाकण शोधायला. ते मॉडेल बंद झालेलं, त्यामुळे झाकण मिळालं तर तिथेच मिळणार होतं. मिळालं नाही. पण नळाच्या तोट्या, गंजलेले पाने आणि डाव्याच पायाचे तीन बूट यांच्यामध्ये एक बारा इंची रेकॉर्ड दिसली. कव्हरवर कमरेवर हात ठेवून विठोबा उभा, खाली अभंगांची यादी. आमच्या आईला अभंग आवडतात. मी चाळीस रुपये दिले आणि घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "झाकण?" मी रेकॉर्ड पुढे केली. तिने ती दोन्ही बाजूंनी फिरवून बघितली आणि म्हणाली, "मोठं होईल."

घरात रेकॉर्ड वाजवायला काहीही नव्हतं. तीन महिने ती शोकेसमध्ये उभी होती आणि आई येता-जाता तिला नमस्कार करत होती. मग एकदा कामासाठी मुंबईला गेलो असताना पाय आपोआप चोरबाजारात वळले आणि येताना माझ्या हातात एक जुना पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर होता. दिसायला सुटकेससारखा. शिवाजीनगरला उतरल्यावर रिक्षावाल्याने त्याला सामान समजून मागे टाकला, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की त्याने मला आत बाळ वगैरे आहे का असं विचारलं. घोडा घरी आला. झाकण उघडलं, वायर लावली, तबकडी फिरली, सगळे टाळ्या वाजवणार एवढ्यात लक्षात आलं की घोड्याला दात नाहीत. म्हणजे पिन नव्हती.

इथून पुढे जे सुरू झालं त्याला लोक छंद म्हणतात.

पिन म्हणजे सुई. पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत त्यांतली निम्मी मी पालथी घातली. एका जिन्याखाली एक जुने मेकॅनिक भेटले. त्यांनी प्लेअरचा हात उचलून खालून बघितलं, जसे डॉक्टर जीभ बघतात. "साहेब, मिळेल हो पिन," ते म्हणाले, "पण ती मिळेपर्यंत तुमचं वेड जाईल." मी म्हटलं, जाणार नाही. "मग आता दोन घ्या," ते म्हणाले.

दोन कशाला, तर मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डची, म्हणजे 78ची, खाच रुंद आणि माझ्यासारख्या बारा इंची रेकॉर्डची, म्हणजे एलपीची, अगदी बारीक. 78ची सुई एलपीच्या सुईच्या तिप्पट-चौपट जाड असते. ती एलपीवर टेकवली तर गाणं वाजत नाही, शेत नांगरलं जातं. म्हणून या जुन्या प्लेअरांमध्ये सुईपाशी एक एवढीशी दांडी असते. ती इकडे केली की 78, तिकडे केली की एलपी. ही दांडी इतकी बारीक आहे की चष्मा लावून दिसत नाही आणि चष्मा काढूनही दिसत नाही.

त्या दोन महिन्यांत सुईवर मी इतकं वाचलं की मला जगात सगळीकडे सुयाच दिसायला लागल्या. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, परग्रहावर कोणी असलंच तर त्यांनी ऐकावी म्हणून. त्या तबकडीत आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं 'जात कहाँ हो' गाताहेत. हे पुष्कळांना माहीत असतं. पण माझ्या दृष्टीने त्यातली थोर गोष्ट वेगळीच आहे. त्या शास्त्रज्ञांनी तबकडीबरोबर सुई आणि ती ज्यात बसते ते कार्ट्रिजसुद्धा पाठवलं आहे! आणि वर चित्रं काढून समजावलं आहे की सुई कुठे टेकवायची आणि तबकडी किती वेगाने फिरवायची. परग्रहावरच्या ज्या प्राण्याचा अजून पत्ता नाही त्याची एवढी काळजी, आणि चोरबाजारातल्या त्या मनुष्याने समोर उभ्या असलेल्या माझ्याकडून साडेतीन हजार घेताना 'पिन नाही' हे दोन शब्द उच्चारले नाहीत.

सुई आली ती आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी. हा विठ्ठलाचाच संकेत, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी खिचडी खाऊन सगळे हॉलमध्ये बसले. शेजारच्या काकूही आल्या. मी दांडी एलपीवर असल्याची भिंगातून खात्री करून घेतली आणि सुई टेकवली. आधी चुरचुर चुरचुर असा आवाज आला. आई म्हणाली, "कोण रे भजी तळतंय? आज एकादशी आहे." मी म्हटलं, तो रेकॉर्डचा आवाज आहे, थांब. आईने डोळे मिटून हात जोडले. मग ढुम-ढुम-चिक, ढुम-ढुम-चिक असा ठेका सुरू झाला आणि एक बाई लाडात हसली.

कव्हर अभंगांचं होतं. आत डिस्को होता.

मी सुई उचलायला धावलो, पण नव्या सुईला धक्का लागेल म्हणून हात पुढे जाईना. त्यामुळे ते गाणं अख्खं वाजलं. आई हात जोडूनच बसली होती. गाणं संपल्यावर तिने डोळे उघडले. "चाल बरी आहे," ती म्हणाली, "पण विठ्ठल कधी येतो?"

तेव्हापासून पहिला नियम: कव्हर उघडून आत तीच आहे का बघायचं. बाकीचे नियम मला जुन्या बाजारात दर रविवारी भेटणाऱ्या दोघा-तिघांनी शिकवले. ही माणसं एकमेकांना आडनावाने ओळखत नाहीत, 'ते नाट्यसंगीतवाले', 'ते शंकर-जयकिशनवाले' असं ओळखतात. दुसरा नियम, रेकॉर्ड हातात आली की उन्हाला तिरकी धरायची. तशी धरली की चरे दिसतात. जे चरे बोटाच्या नखाला लागतात ते गाण्याला लागतात. तिसरा नियम सगळ्यांत अवघड. हवी ती रेकॉर्ड दिसली की चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही. आधी शेजारच्या इस्त्रीची किंमत विचारायची, मग कंटाळल्यासारखं 'आणि हे कसं?' म्हणायचं. चौथा, विक्रेता अडला की चालायला लागायचं. पाच पावलांत हाक येते. (माझ्या बाबतीत सुरुवातीला येत नसे. मी दहा पावलं गेल्यावर स्वतःच परत यायचो आणि तो किंमत वाढवायचा.)

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगत असे. ती मटार सोलता सोलता ऐकत असे. म्हणजे ऐकते आहे असं मला वाटत नसे.

मग वेग. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्या… नाही, तेहतीस आणि एक तृतीयांश. छोटी रेकॉर्ड पंचेचाळीस. एकदा चुकून मी ख्यालाची एलपी पंचेचाळीसवर लावली. वीस मिनिटांचा विलंबित बुवांनी पंधरा मिनिटांत उरकला. काळी एकच्या पट्टीत गाणारे बुवा काळी तीनच्या पट्टीत पोचले. तबलजींना तर दम लागल्यासारखं वाटत होतं. गंमत अशी की ही चूक माझ्या लक्षातच आली नाही. आमचे एक स्नेही, जे स्वतःला कानसेन म्हणवतात, तेसुद्धा मान डोलावत म्हणाले, "तरुणपणीचा आवाज आहे हा त्यांचा."

78च्या नादाला मी लागायला नको होतं. पण एकदा गौहर जान या गायिकेबद्दल वाचलं. 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं, त्यात गाणं संपता संपता तिने इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. कारण मूळ तबकड्या जायच्या जर्मनीत हॅनोवरला, आणि तिथल्या कारागिरांना हा आवाज कोणाचा ते कळायला हवं. जिने तीन मिनिटांत राग मावला पाहिजे ही अट मान्य केली आणि त्यातलीही दोन-तीन सेकंदं हमालीला दिली, त्या बाईच्या काळातलं काहीतरी आपल्याकडे असायला हवं, असं मला वाटलं. तिची रेकॉर्ड माझ्या आवाक्यातली नव्हती. मला मिळाली एक नाटकातल्या पदांची. दहा इंची, जड, वर पन्नास वर्षांचा मळ.

एलपी धुताना मी थोडं स्पिरिट वापरत असे, फायदा होत असे. तेच इथे केलं. कापसाचा बोळा फिरवला तर काळाकुट्ट निघाला. मी खूश झालो. दुसरा बोळा फिरवला, तोही काळा. बायकोला हाक मारून दाखवलं, बघ किती मळ आहे! तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्या बोळ्याला मला शंका आली की पन्नास वर्षांत इतका मळ बसतो का. मग आठवलं. 78ची रेकॉर्ड लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार लोक त्याचंच तर पॉलिश करतात. मी मळ काढत नव्हतो, नाट्यसंगीत काढत होतो. त्या सहा बोळ्यांत एक अख्खं पद गेलं. ती रेकॉर्ड आता लावली तर गायक पावसात अडकलाय आणि पलीकडच्या फलाटावरून गातोय असं वाटतं.

पावसावरून आठवलं, पहिल्याच जुलैत कव्हरांना बुरशी आली. ऑक्टोबरात कडक ऊन पडल्यावर मी सगळ्या एलपी गच्चीवर वाळत घातल्या. समोरच्या काकूंनी वरून विचारलं, "कसले हो पापड?" मी हसलो. तासाभराने मात्र त्यांचे खरोखर पापड झाले. अकरा रेकॉर्ड्सच्या कडा वर उचलल्या गेल्या. मग दोन काचांमध्ये एकेक दाबून वर आईचा पाटा ठेवला, पंधरा-पंधरा दिवस. सात बऱ्या झाल्या. उरलेल्या चारांवर सुई होडीसारखी वर-खाली होते. मेकॅनिककाकांनी उपाय म्हणून प्लेअरच्या हातावर रुपयाचं नाणं चिकटवून दिलं आहे.

मध्यंतरी एक नवं टर्नटेबलही घेतलं. त्याला सुईचा क्षीण आवाज उचलायला वेगळा प्री-अँप लागतो, प्री-अँपला अँप लागतो, अँपला स्पीकर लागतात, आणि या सगळ्याला ठेवायला लागणाऱ्या टेबलाचं बिल मी अजून घरी दाखवलेलं नाही.

बायकोने एकदाच सरळ विचारलं होतं. "यातलं फोनवर नाही असं काही आहे का?"

"नाही. सगळं आहे."

"मग?"

मला उत्तर देता आलं नाही. पण एक सांगतो. आमची फरशी कुठेतरी पोकळ आहे. रेकॉर्ड चालू असताना कोणी चाललं की सुई उडी मारते. त्यामुळे एकदा सुई टेकवली की मला जागचं हलता येत नाही. एका रात्री अशीच ख्यालाची एलपी लावली आणि पलंगाच्या कडेला अर्धवट बसलेला तसाच राहिलो. फोन दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटं काहीही न करता बसणं दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर पहिल्यांदाच घडत होतं. हाच ख्याल फोनवर मी बसमध्ये, भाजी घेताना, पुढे-पुढे ढकलत दहादा तरी ऐकला असेल. सम गाठताना बुवा जरा उशिरा उतरतात आणि तबलजी त्यांच्यासाठी किंचित थांबतात, हे त्या दिवशी ऐकू आलं. मग बाजू संपली. सुई आतल्या कोऱ्या खाचेत जाऊन टक्… टक्… करत राहिली. आता कोणीतरी उठायला हवं होतं. मला उठवेना. अंधारातून आईचा आवाज आला, "अरे, उलटव ती. झोपलास का?" मला वाटलं होतं ती तासाभरापूर्वीच झोपली आहे.

एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर चारशे मीटरच्या वर भरते. हे मी मोठ्या कौतुकाने घरात सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे सुई रोज तुमच्यापेक्षा जास्त चालते."

गेल्या महिन्यात ती माहेरी गेली होती, मिरजेला. भाऊ घर पाडून नवं बांधतोय, त्याची आवराआवर. दुपारी तिचा फोन आला. आवाज दबका.

"अहो, इथे माळ्यावर एक खोकं निघालंय. रेकॉर्ड्सचं. आजोबांचं असेल."

माझ्या पोटात खड्डा पडला. "हात लावू नको! किती आहेत? कव्हर उघडून आत—"

"उघडून बघितलं. आत त्याच आहेत. एक सोडून."

"बरं, आता उन्हात जाऊन जरा तिरकी—"

"धरली. चरे आहेत, पण नखाला लागत नाहीत. दादा म्हणतोय भंगारवाल्याला घालतो, तो दोनशे देतोय."

"अगं, मग सांग ना त्याला की आम्हाला हव्यात!"

"वेडे आहात का," ती आणखी हळू आवाजात म्हणाली. "मी त्याला आधी तांब्याच्या बंबाचं विचारलं. मग म्हटलं, आणि हे खोकं कसं? शंभर देते म्हटलं. तो दीडशेवर अडलाय."

"आणि तू?"

"मी चालायला लागले. परसात येऊन उभी आहे." मागे कुठेतरी भांडी वाजली. "ठेवा आता. हाक येतेय."