विलासचं शेततळं आणि तीन काट्यांचा मासा

विलास उमरेड रोडवर एका गिऱ्हाइकाचं शेततळं खोदून देतोय. गिऱ्हाइकाला त्यात तिलापिया हा परदेशी मासा सोडायचा आहे आणि तळ्याचा सांडवा थेट नाल्यात जातो. एवढं ऐकलं आणि लक्ष्मीनगरच्या ठेल्यावर रविवारी सकाळी जे पेटलं, ते दुसरा चहा होऊनही विझलं नाही.

"नाल्यात गेली मासोळी तं काय होते बे?" विलास म्हणाला. "निसर्ग आपलं पाहून घेते. जे टिकन ते टिकन. उत्क्रांती म्हनतात ना तिले? आन् तशीही लाखो वर्षांची गोष्ट हाय ते. तुमच्या-माह्या डोळ्यानं दिसनार हाय का?"

शुभांगी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला, तेव्हापासून या विषयावर ती कोणालाच सोडत नाही. "दिसते," ती म्हणाली. "पाहणाऱ्यांनी पाहिली आहे. स्टिकलबॅक नावाच्या माशात."

"खातात का त्याले?" गजूकाकांनी विचारलं. काकांचा जन्म तलावावर गळ टाकण्यात गेला.

"बोटाएवढा असतो काका. पाठीवर तीन काटे, पोटाखाली दोन, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना चिलखतासारख्या हाडांच्या पट्ट्या. मोठा मासा गिळायला आला की हा काटे उभे करतो आणि ते तसेच अडकून राहतात."

हा मासा मूळचा उत्तरेकडच्या समुद्रातला. साधारण बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग ओसरलं, बर्फ वितळलं आणि अलास्का, कॅनडा, स्कॉटलंड, नॉर्वेकडे हजारो नवी तळी तयार झाली. समुद्रातले स्टिकलबॅक त्यांत शिरले आणि तिथेच राहिले. समुद्रातल्याच्या एका बाजूला तीस-पस्तीस पट्ट्या असतात, तळ्यातल्यांच्या बहुतेक ठिकाणी मोजक्याच उरल्या. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तळ्यांत तेच घडलं.

"बारा हजार वर्षं झाले ना पन," विलास म्हणाला.

मग शुभांगीनं लोबर्ग तळं काढलं. अलास्कात आहे ते. १९८२ मध्ये तिथे विष घालून सगळे मासे मारले, कारण गळवाल्यांसाठी ट्राउट आणि सॅमन सोडायचे होते. पुढे समुद्रातले स्टिकलबॅक कसे तरी तिथे पोचले. १९९० मध्ये मायकेल बेल या शास्त्रज्ञाला ते सापडले, तेव्हा जवळजवळ सगळेच पूर्ण चिलखताचे होते. तो दरवर्षी जाऊन नमुने घेत राहिला. दोनेक दशकांत कमी पट्ट्यांचे मासे बहुसंख्य झाले. एका माणसाच्या नोकरीच्या काळात!

विलास हसायलाच लागला. "अवो, हे तं तू माह्याच बाजूनं बोलून राहिली! वीस वर्षांत मासा बदलते, तं नाल्यातले मासे काहून नाही बदलनार? सोडू दे मले तिलापिया."

मला वाटतं खरा वाद इथे सुरू झाला. 'लवकर बदलतो' हे एकदा मान्य केलं की 'मग काळजी कशाला' हे आपसूक येतं, आणि असं म्हणणारा विलास एकटा नाही. म्हणून मी मधे पडलो. विलास, इतक्या लवकर बदलायला त्या माशाकडे माल कुठून आला, हे तर विचार.

पट्ट्या किती येणार हे मुख्यतः ईडीए नावाचं एक जनुक ठरवतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड किंग्जली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे दाखवलं. कमी पट्ट्यांचं जे रूप तळ्यातळ्यांत सापडतं, ते प्रत्येक तळ्यात नव्यानं जन्मलेलं नाही. ते फार जुनं आहे, वीस लाख वर्षांच्या आसपासचं, आणि समुद्रातल्या थोड्याशाच माशांमध्ये लपून चालत आलेलं. चिलखतवाल्यांच्या गर्दीत ते दिसत नाही. तळ्यात शिरल्यावर त्याचे दिवस येतात. शेतकरी कोठीत चार प्रकारचं बियाणं राखून ठेवतो आणि पाऊस पाहून त्यातलं पेरतो, तसं. कोठी रिकामी असेल तर पाऊस कसाही येवो, पेरणार काय?

"म्हंजे वीस वर्षांचं काम वीस लाख वर्षांच्या जमेवर झालं," गजूकाका म्हणाले. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

शुभांगीला मात्र एवढ्यावर थांबवेना. "सगळंच जुन्या साठ्यातून येत नाही हां. काही तळ्यांत पोटाखालचे काटेही गेलेत, आणि ते वेगळ्या वाटेनं." पिट्क्स-१ नावाचं जनुक जबड्यासारख्या इतर अवयवांसाठीही लागतं, म्हणून ते शाबूत राहतं. त्याला पोटाखालच्या भागात चालू करणारा डीएनएचा एक तुकडा असतो, तेवढाच गळतो. वेगवेगळ्या तळ्यांत तो वेगवेगळा, नव्यानं गळलेला आहे.

"पाय बरं! नवीन बी होते!" विलास.

"गळण्यासारखं होतं म्हणून गळलं," शुभांगी म्हणाली. "तुझ्या नाल्यातल्या माशाला तिलापियापासून वाचायचंय. त्यासाठी त्याच्याजवळ काय शिल्लक आहे, ते तुला माहीत आहे का?"

विलासनं खांदे उडवले. मग शुभांगी घरट्यावर आली, आणि हा भाग ऐकताना ठेलेवाला पोरगासुद्धा किटली हातात धरून उभा राहिला.

विणीच्या दिवसांत नराचं पोट लालभडक होतं आणि डोळे निळसर. तळाशी तो तोंडानं वाळू उकरून खड्डा करतो, शेवाळाचे नि पाणवनस्पतींचे धागे एकेक करून आणतो, आणि मूत्रपिंडातून निघणाऱ्या डिंकासारख्या द्रवानं चिकटवतो. मग त्यातून आरपार घुसून बोगदा पाडतो. मादी दिसली की नागमोडी नाचत तिला दारापर्यंत आणतो. ती अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं बापाचं: परांनी वारा घालून अंड्यांना ताजं पाणी देणं, बुरशी लागलेली अंडी काढून टाकणं, पिल्लं भरकटली तर तोंडात धरून परत आणणं. लाल रंग दिसला की दुसरा नर समजून अंगावर जातो. शास्त्रज्ञ निको टिनबर्गनच्या नेदरलँड्सच्या लायडनमधल्या प्रयोगशाळेत खिडकीसमोरून टपालाची लाल गाडी गेली, तरी काचेच्या टाकीतले नर तिकडे धावायचे. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी टिनबर्गनला १९७३ चं नोबेल मिळालं, त्यात या माशाचा मोठा वाटा आहे.

"आता ऐक," ती विलासला म्हणाली. "कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या मोजक्या तळ्यांत एकाच तळ्यात दोन-दोन जातींचे स्टिकलबॅक होते. एक तळाशी अळ्या-किडे खाणारा, दणकट. दुसरा वरच्या पाण्यातलं बारीक खाणारा, सडपातळ. डॉल्फ श्ल्यूटर या शास्त्रज्ञानं कित्येक वर्षं त्यांचा अभ्यास केला. त्यातलं एक हॅडली तळं. तिथे कोणीतरी बाहेरचा कॅटफिश आणून सोडला."

"मंग?"

"घरटी तळाशी, कॅटफिशही तळाशी. काही वर्षांत दोन्ही जाती संपल्या. जगात दुसरीकडे कुठेच त्या नव्हत्या."

व्हँकुव्हर बेटावरच्या एनॉस तळ्याचंही तिनं सांगितलं. तिथे बाहेरचा क्रेफिश, म्हणजे झिंग्यासारखा नांगीवाला प्राणी, आला, त्यानं पाणवनस्पती उद्ध्वस्त केल्या असं मानतात, आणि दोन जाती एकमेकींत मिसळून वेगळेपणच गेलं. मासे आहेत, पण त्या दोन जाती नाहीत. हिमयुगानंतर हजारो वर्षांत जे वेगळं झालं, ते दहा-वीस वर्षांत पुसलं गेलं. मला यातलं हेच सगळ्यात लागलं. बदल लवकर होतो हे खरंच आहे, पण पुसण्याचाही वेग तोच.

विलास जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक हाय. सांडव्याले बारीक जाळी लावतो. झालं?"

"जाळीनं काय होते राजा," गजूकाका म्हणाले. "तिलापियाची मादी अंडे तोंडात घेऊन फिरते. पिल्लं निघाले तं सुईएवढे. पुराच्या पान्यात जाळी राहते का? तो नाला नदीले जाते, नदी वैनगंगेले. तिथं मरळ हाय, शिंगूर हाय, त्यायची जागा कोन राखन?"

"मंग गिऱ्हाइकाले काय सांगू? त्याले तं मासोळी पायजे."

"रोहू-कतला टाक म्हना. वाहत्या पान्याबिगर ते अंडे देत नाहीत, शेततळ्यात वाढते फक्त. विकली का दरसाल नवं बीज आनायचं. आन् गेले नाल्यात, तं आपल्याच देशातले हायेत."

विलासनं खिशातून फोन काढला. रोहूचं बीज बोटाएवढं घ्यायचं की त्याहून लहान, हे तो काकांना विचारत होता, आणि काका आधी तळ्याची खोली विचारत होते.