मॅट घालायला कुणीच नसतं
कराटे टूर्नामेंटच्या आदल्या रात्री ग्रुपवर ४० जण "येतो सर" टाकतात आणि हॉलवर उगवतो आम्ही चौघंच, दरवेळी! ८ बाय ८ चा एरिया, वर चारी बाजूंनी १-१ मीटर सेफ्टी, म्हणजे एका रिंगला मीटर-मीटरच्या १०० मॅट, आणि रिंगा तीन. त्यात गेल्या वेळी कुणा शहाण्याने दोन वेगळ्या सेटच्या मॅट एकत्र रचून ठेवलेल्या, कडेचे दात एकमेकांत बसतच नाहीत, बसा गुडघ्यावर बुक्क्या मारत. सगळं झाल्यावर कळतं की खेळाडू समोरासमोर उभे राहतात त्या मधल्या दोन मॅट उलटून लाल बाजू वर करायची राहिली, उचका परत! आणि सकाळी पालक खुशाल बूट घालून त्यावरून सेल्फी काढत फिरणार. अहो काका, चपला तरी काढा!