पीटीचा तास गणिताला देण्याआधी

नाशिकमधील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की, करोनाच्या टाळेबंदीत मुलांचा फक्त अभ्यास बुडाला. घरातही ती दिवसभर धावतच होती, थोडे वजन वाढले ते बाळसेच होते आणि शाळा उघडताच सारे पूर्वपदावर आले, तेव्हा आता पीटीचे तास गणित-इंग्रजीला द्यावेत. अभ्यास बुडाला हे खरेच आहे, आणि टाळेबंदी करायला नको होती असेही मला म्हणायचे नाही. पण बाकीची विधाने टिकत नाहीत.

‘घरातही धावतच होती’ हे पहिले विधान. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. अनेक देशांतील अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अशी हालचाल महासाथीच्या काळात दिवसाला सुमारे १७ मिनिटांनी घटल्याचे आढळले. मूल ठरवून व्यायाम करत नाही. शाळेपर्यंतची चाल, जिने, मधली सुट्टी, पीटीचा तास आणि संध्याकाळचे मैदान यांतून तो आपसूक घडतो. राज्यातील शहरी भागांत पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० नंतर थेट डिसेंबर २०२१ मध्ये भरले. एवढ्या काळात सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, शेजारच्या खोलीत वडिलांचे काम आणि हातात ऑनलाइन तासासाठीचा मोबाइल असताना, मुलाने कुठे धावायचे होते?

‘बाळसे’ हा शब्द तर फारच दिशाभूल करणारा आहे. अमेरिकेत २ ते १९ वयोगटातील ४ लाख ३२ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उंचीच्या मानाने वजन वाढण्याचा वेग महासाथीत जवळपास दुप्पट झालेला दिसला, आणि ज्यांचे वजन आधीच जास्त होते त्यांच्यात ही वाढ सर्वाधिक होती. दुसरीकडे, आपल्याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांच्या शाळांत शिजवलेला पोषण आहार थांबून त्याऐवजी कोरडा शिधा देण्यात आला. तिथल्या मुलांसाठी बाळशाची भाषा करणे अन्यायाचेच आहे.

सर्वांत घातक विधान पूर्वपदाचे आहे, कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे. इंग्लंडमध्ये दरवर्षी शाळांत मुलांची उंची आणि वजन मोजले जाते. तिथे ४-५ वर्षांच्या मुलांतील लठ्ठपणा २०१९-२० मध्ये ९.९ टक्के होता, तो पुढच्या वर्षी १४.४ टक्क्यांवर गेला आणि त्यानंतर १०.१ टक्क्यांवर आला. १०-११ वर्षांच्या मुलांत मात्र तो २१ वरून २५.५ टक्क्यांवर गेला, पण नंतर २३.४ आणि २०२२-२३ मध्येही २२.७ टक्केच राहिला. हे आकडे नाशिकला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, परंतु शाळा उघडल्या की सर्व वयांचे नुकसान आपोआप भरून निघते, या समजुतीला ते छेद देतात.

शिवाय ज्याला पूर्वपद म्हणायचे, ते तरी कुठे चांगले होते? २०१६ च्या आकडेवारीनुसार भारतातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्के मुलांची हालचाल पुरेशी नव्हती.

डोळ्यांचा तर संदेशात उल्लेखही नाही. चीनमधील फेइचेंग शहरातील शालेय तपासण्यांत २०१५ ते २०१९ दरम्यान सहा वर्षांच्या मुलांतील लघुदृष्टीचा दोष, म्हणजे लांबचे धूसर दिसणे, कमाल ५.७ टक्के होता. २०२० मध्ये तो २१.५ टक्के निघाला. ही तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब न टाकता झाल्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो, पण पद्धत सर्व वर्षी तीच होती, त्यामुळे फरक नाकारता येत नाही. मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ या दोषापासून संरक्षण देतो, आणि तो वेळ शाळेच्या वेळापत्रकात पीटीच्याच तासाला मिळतो.

राहिली तास बदलण्याची मागणी. खेळाला वेळ दिल्याने गुण घटतात असे अभ्यासांतून दिसलेले नाही. टाळेबंदीत चौथी-पाचवीत असलेली मुले आता नववी-दहावीत आहेत, आणि पीटीचा तास सर्वांत आधी नाहीसा होतो तो याच वर्गांतून. पुढच्या पालकसभेत हा तास मागे घेण्याऐवजी, वेळापत्रकात छापलेला तास मैदानावर खरोखर होतो का, हे विचारावे.