सिस्टरना सेवाभाव शिकवायला निघालेल्यांसाठी

आमच्या आत्याने काल फॅमिली ग्रुपवर तो फिरणारा मेसेज टाकला, "हल्लीच्या नर्सेसना सेवाभाव उरला नाही, सारखा मोबाईल, पगार भरपूर, स्टाफ वाढवून काही होत नाही, टीमवर्कचं ट्रेनिंग द्या". खाली हात जोडलेले इमोजी. त्याच ग्रुपवर आमची वहिनी आहे, प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स. ती काही बोलणार नाही, म्हणून मी बोलतो.

मोबाईलचं आधी उरकू. डॉक्टर ऑर्डरी व्हॉट्सॲपवर टाकतात, लॅबचे रिपोर्ट तिथेच येतात, मग सिस्टरने काय कबुतर पाळायचं?

पण "स्टाफ वाढवून काही होत नाही" हे वाचून डोकंच फिरलं. वहिनीच्या वॉर्डात नाइटला दोन सिस्टर आणि तीसेक पेशंट, एकाचं सलाईन संपलंय, दुसऱ्याची कॅन्युला (शिरेत लावलेली सलाईनची नळी) निघालीय, तिसऱ्याचं बीपी तासातासाला लिहायचंय आणि त्यात कोणाचे तरी काका काउंटरवर येऊन म्हणणार, सिस्टर एसी कमी करा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या हॉस्पिटलात 5 पेशंटमागे 1 नर्स असा आहे, इथे 15 झाले. आणि नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन बाईंचा 2002 चा अमेरिकेतला अभ्यास वाचा, 168 हॉस्पिटलं, सव्वादोन लाखांवर सर्जरीचे पेशंट. नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मरण्याची शक्यता 7 टक्के वाढते आणि नर्स पार पिचून जाण्याची 23 टक्के. म्हणजे कमी स्टाफ हा नर्सचा रडगाणं गायचा विषय नाहीये, उद्या त्या बेडवर आत्या असेल.

ट्रेनिंगचं तर विचारूच नका. मागे वहिनीच्या हॉस्पिटलने मोटिव्हेशनल लेक्चर ठेवलं, सकाळी नऊला, नाइट करून उतरलेल्यांनाही कंपल्सरी. सरांनी सगळ्यांना डोळे मिटून हसायला लावलं, अर्ध्या पोरी तशाच झोपल्या.

काही सिस्टर नातेवाइकांवर खेकसतात, हे खरंय बाबा, मीही ऐकून घेतलंय. आणि टीमवर्कने फरक पडतो हेही मान्य, पण ते हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, नीट झाल्याने आणि सिस्टरने शंका काढली तर डॉक्टरने ऐकून घेतल्याने, टाळ्या पिटून नाही.

राहिला भरपूर पगार. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितल्यावर केंद्राच्या समितीने शिफारस केली, 50 बेडच्या आतल्या हॉस्पिटलांनीसुद्धा नर्सच्या पगारात महिना 20,000 च्या खाली जाऊ नये. वहिनीचं त्याहून बरंच मोठं आहे, तरी नव्या पोरी आजही 14 हजारांवर लागतात आणि सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांची ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतात.