भाऊबीजेच्या ताटातले थोडे पैसे आमच्या मुलींना द्याल का?

दरवर्षी दिवाळीच्या आधी मी इथे पैसे मागते, यंदाही मागतेय. फक्त यंदा जरा लांबड लावणार आहे. मागच्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं होतं, "बाई, शंभर-दोनशे रुपये कशाला गोळा करत बसता? एखादा मोठा देणगीदार गाठा की." आम्ही लग्नाच्या पंगतीत होतो, माझ्या तोंडात जिलबी होती, उत्तर राहून गेलं. ते आज देते.

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी थोडक्यात. सातारा जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या आठवी ते बारावीच्या मुलींबरोबर आम्ही काही जणी काम करतो. महिन्यातून दोन शनिवार बैठक आणि दिवाळीच्या सुट्टीत तीन रात्रींचं निवासी शिबिर. कागदोपत्री याला 'नेतृत्व विकास' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात मुली बैठक चालवतात, इतिवृत्त लिहितात, हिशेब ठेवतात, भांडतात, मतं घेतात. हरलेली बाजू फुगून बसते आणि पुढच्या शनिवारी परत येते. (हे शेवटचं जमायला मला स्वतःला पन्नाशी गाठावी लागली.)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात शाळा सुटायची सव्वापाचला आणि एसटी जायची पाचला. पुढची गाडी साडेसातची. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास प्रत्येकीच्या दप्तरात होता, पण गाडीच नसेल तर पासाची काय पूजा करायची? फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर, हिवाळ्यात मिट्ट काळोख. दोघींची शाळा त्यापायीच सुटायच्या बेताला आली होती. मुलींनी बारा दिवस वहीत टिपून ठेवलं, गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, स्टॉपवर किती जणी उरल्या. मग आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहिला. पहिला अर्ज इतका नम्र झाला, 'मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन' वगैरे, की मागणी काय आहे तेच कळेना. तो मुलींनीच नापास केला. दुसरा सात ओळींचा. तो घेऊन पाच जणी आगारात गेल्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर आल्या. दीड महिन्याने गाडी पाच चाळीसला सुटायला लागली. या सगळ्यात मी काय केलं म्हणाल, तर आगाराबाहेर उसाचा रस प्यायले.

त्या पाचांतल्या एकीचे वडील आधी मला म्हणाले होते, "पोरीला काय आमदार करायचंय व्हय, बाई?" मी विचारलं, तुमच्या गावात सरपंच कोण? बाईच होत्या. आणि खुर्चीवर कोण बसतं? तर ते नुसते हसले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. चारचौघांत तोंड उघडायची सवय मात्र आरक्षणातून मिळत नाही, ती पंधरा-सोळाव्या वर्षी लागावी लागते. आयुष्यभर जिला गप्प बसवलं तिला चाळिशीत एकदम 'बोला मॅडम' म्हणायचं, ती अडखळली आणि नवरा बोलायला लागला की 'सरपंचपती' म्हणून टवाळी करायची, हा प्रकार मला तरी बघवत नाही.

आणि सरपंचपद लांबची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी बैठक तिला वगळूनच होते. ती आत चहा करत असते. दहावीनंतर एखादी मुलगी सलग दोन शनिवार आली नाही की आमच्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

आता मोठ्या देणगीदाराचं. घेऊन बघितलेत तेही पैसे, एकदा. माणूस वाईट नव्हता. शिबिराचा सगळा खर्च त्यांनी एकट्याने उचलला. मग समारोपाला ते येणार म्हणून मंडप आला, मंडप आला म्हणून फ्लेक्स आला, फ्लेक्सवर त्यांचा हसरा चेहरा, मुलींपैकी एकीचाही नाही. मुली साड्या नेसून, आरतीची तबकं धरून दोन तास रांगेत. अकरावीतली एक मुलगी गावच्या पाणीपट्टीच्या हिशेबावर पाच मिनिटं बोलणार होती, आठवडाभर तयारी केली होती तिने. पाहुण्यांना उशीर झाला आणि 'वेळेअभावी' तिचं भाषण गळालं. गाळलं कुणी? मीच. कार्यक्रमाची चिठ्ठी माझ्या हातात होती. पैसेवाला माणूस आला की आपण गप्प बसायचं, हा त्या शिबिरातला शेवटचा धडा मी शिकवला. ती मुलगी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझी आत्या पुण्याची. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी असतो, त्याची पावतीपुस्तकं पिशवीत घालून ती दिवाळीत पेठांमधले जिने चढायची. कुठे दोन रुपये, कुठे पाच, कुठे नुसताच चिवडा. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी दरवर्षी दोनच रुपये द्यायच्या आणि पाऊण तास अडकवून ठेवायच्या, कारण मागच्या वर्षी कुठली मुलगी पास झाली, कुठली नापास, कुणाला नोकरी लागली, सगळं त्यांना ऐकायचं असे. मला ते दोन रुपये फार महाग वाटायचे. आत्याला नाही वाटायचे.

मोठ्या देणगीला मी नावं ठेवत नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केले म्हणून कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला बळ आलं, आणि ठाकरसींच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं ते लागलंच. पण त्याच कर्व्यांच्या कामासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत फिरल्या होत्या, ते पैसे देणाऱ्यांची नावं कुठल्या फाटकावर आहेत? आमच्या साताऱ्यात कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं हे शाळेतल्या पोराला पाठ असतं. घरोघरी मूठ मूठ धान्य बाजूला काढणाऱ्या बायकांचं कुणी विचारत नाही.

तर आमचे दोन नियम झाले. एक, मुलीच्या स्वतःच्या घरूनही काहीतरी आलंच पाहिजे. वीस रुपये चालतात, दोन किलो ज्वारी चालते, ज्यांच्याकडे तेही अवघड त्यांची आई एक दिवस भाकऱ्या थापायला येते. सुरुवातीला मला हे निष्ठुर वाटलं होतं, गरिबाकडून काय घ्यायचं म्हणून. पण ज्या घरातून ज्वारी आलीय ते घर शिबिराच्या आदल्या दिवशी 'मामाकडे कार्य आहे' म्हणून मुलीला ठेवून घेत नाही. उलट फोन येतो, आमची शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना पुरली का?

दुसरा नियम, बाहेरच्या एका कुटुंबाकडून एका मुलीच्या खर्चापेक्षा जास्त घ्यायचं नाही. तो खर्च यंदा १,४०० रुपये धरलाय. जेवणाखाणाचे सगळ्यात जास्त, मग राहण्याच्या जागेचं भाडं, मग प्रवास. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे म्हणून प्रवासाचं ओझं बरंच उतरलंय, पण शाळेचा पास शिबिराच्या गावाला चालत नाही. टी-शर्ट, बॅगा, ट्रॉफ्या नाहीत. टी-शर्ट मुलींनी मतदान करून रद्द केले आणि त्या पैशांत एक रात्र चिकन लावलं. शाकाहारी गटाने पनीर पदरात पाडून घेतलं, ती वाटाघाट बघण्यासारखी होती.

तुमच्याकडे मागणं एवढंच. भाऊबीजेला घरात सगळे जमतात, तेव्हा द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे सगळ्यांनी बसून ठरवा. घरात मुलगी असेल तर आकडा तिला सांगू द्या आणि तिने सांगितलेला बदलू नका. शंभर म्हणाली तर शंभर. 'नको' म्हणाली तर तिला कारण विचारा आणि ते मला कळवा, मला खरंच ऐकायचंय. मुलगा असेल तर तोही बसेल, अर्थात.

काही रुक्ष गोष्टी. आमचा न्यास नोंदणीकृत आहे, ८०जी आहे, पण तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ती वजावट मिळत नाही, तेव्हा त्या आशेवर देऊ नका. परदेशातल्या भाचे मंडळींनो, नागरिकत्व बदललं असेल तर तुमचे पैसे आम्हाला घेता येत नाहीत, आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी, नाही. साताऱ्यातल्या तुमच्या आईवडिलांना त्यांचे द्यायला सांगा.

खाते क्रमांक इनबॉक्समध्ये विचारा. पावती मुलींच्या हातची येईल, कारण हिशेब त्यांच्याकडे आहे. गेल्या वर्षी एका काकांच्या पावतीवर पाचशेचे पन्नास झाले होते. तसं काही दिसलं तर मला फोन करू नका, पावतीवर खजिनदाराची सही असते, ती नववीत आहे, तिलाच लेखी कळवा.