लादीवर अ‍ॅसिड का घातलं नाही, आणि खिडकीचं काय चुकलं

नमस्कार ताई,

पाडव्याच्या आधी शिवाजी पार्कला तुमच्या घरी केलेल्या साफसफाईबद्दल तुम्ही एक स्टार दिला आहे. साडेसहा हजार रुपये घेऊनही गॅलरीतल्या लादीवरचे डाग तसेच राहिले, अ‍ॅसिड मागितलं तर आम्ही घातलं नाही, हॉलची खिडकी लागेनाशी झाली आणि तिसऱ्या दिवशी घरात पुन्हा लाल धूळ, असं तुम्ही लिहिलंय. यातलं काहीही खोटं नाही.

खिडकीची चूक सर्वस्वी आमची. जुनी सागवानी झडप कोरड्या ब्रशने झाडायची आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची, एवढंच करायचं असतं. आमच्या नव्या मुलाने मगाने पाणी ओतून ती धुतली. खालच्या कडेचा रंग उडालेला होता, तिथून पाणी लाकडात शिरलं आणि झडप फुगली. मी तेव्हा आत माळा साफ करत होतो. नव्या मुलाला एकट्याला खिडकीपाशी सोडायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

लादीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. तुमची इमारत मैदानाभोवतीच्या बहुतेक जुन्या इमारतींसारखी १९३०-४०च्या काळातली. हॉलमध्ये नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात, दाबून घडवलेल्या असतात आणि वरचा रंगीत थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. अ‍ॅसिड सिमेंट खातं, गॅलरीतल्या मोझेइक लादीत असते ती संगमरवराची चीपही खातं. डायनिंग टेबलाखाली जो पांढुरका पट्टा आहे, त्यावर मी तुमच्यासमोर बोट फिरवलं होतं, आठवतं? बोटाला भुकटी लागली. पूर्वी कोणीतरी तिथे अ‍ॅसिड ओतलंय. तिथली नक्षीतली हिरवी वेल आता परत येणार नाही. अशा लाद्या मी खूप घरांत पाहिल्या आहेत, आणि दर वेळी जिवाला लागतं.

गॅलरीतले डाग दोन प्रकारचे होते. काळा चिकट थर समोरच्या पर्जन्यवृक्षामुळे. त्या झाडांवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड पडते, ती गोड चिकट रस टाकते आणि त्यावर काळी बुरशी धरते. तो थर कोमट साबणाच्या पाण्याने निघाला. उरले ते कुंड्यांच्या लोखंडी स्टँडचे गंजाचे डाग. खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो आणि लादीत खोल मुरतो. गॅलरीची लादी मोझेइकची आहे, तिला हाताने हलकं पॉलिश करता येईल. डाग फिके होतील, पूर्ण जातील असं वचन देत नाही. हे काम सुरू करण्याआधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून तुमची अपेक्षा वेगळी राहिली.

आता धूळ. तुम्ही मैदानाच्या पूर्वेला राहता. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा मैदानातली लाल माती उचलून सरळ तुमच्या गॅलरीत आणतो, आणि पानगळीच्या दिवसांत कट्ट्यालगतची झाडंही ती फारशी अडवत नाहीत. सकाळी त्या झाडांखाली चालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलांवर तीच माती दिसते. पाऊस पडेपर्यंत कितीही पुसलं तरी ती येणारच. दुपारी बारा ते सूर्यास्त मैदानाकडच्या खिडक्या लावून ठेवता आल्या तर बराच फरक पडेल. आणि बाईंना सांगा, आधी मऊ झाडूने कोरडी धूळ काढायची, मगच ओला पोछा. थेट ओलं पुसलं की त्या मातीचा चिखल होऊन लाद्यांच्या सांध्यांत बसतो.

हॉलच्या खिडक्यांच्या कामाचे १,२०० रुपये परत करतोय. सुताराचा खर्चही आमचाच. शनिवारी सकाळी सुताराला घेऊन मी स्वतः येतो, तुम्हाला वेळ सोयीची नसेल तर फोनवर कळवा. तोवर ती झडप उघडी ठेवून सावलीत वाळू द्या आणि कोणालाही रंधा मारू देऊ नका. फुगलेलं लाकूड आत्ता तासलं, तर वाळल्यावर तिथे बोटभर फट पडेल आणि लाल माती त्यातूनही आत येईल.