एक टक्का म्हणे

सोसायटीच्या ग्रुपवर आज कोणीतरी चाईबासाची बातमी टाकली. झारखंडमधली थॅलेसेमियाची (या आजारात सारखं रक्त चढवावं लागतं) पाच पोरं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली, सरकारी हॉस्पिटलात रक्त घेत होती. त्याखाली एका शिकल्यासवरल्या काकांचा मेसेज, "एचआयव्हीच्या एकूण केसेसपैकी रक्तातून एक टक्कासुद्धा होत नाही, उगाच घाबरवू नका." आणि त्यावर धडाधड अंगठे! डोकंच सटकलं माझं.

हा टक्का मोजला कोणी आणि कसा, ते तरी विचारा ना. माणूस पॉझिटिव्ह आला की काउन्सेलर विचारतो, कशातून झालं असेल. तो काय सांगेल त्यावर टिक. झाली मोजणी. चेतन कोठारी या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात विचारलं तेव्हा नॅकोने (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) आकडा दिला होता, ऑक्टोबर 2014 ते मार्च 2016 एवढ्या काळात रक्त चढवल्यामुळे एचआयव्ही झालेले 2,234 जण, त्यातले 276 आपल्या महाराष्ट्रातले. बोंबाबोंब झाल्यावर खुलासा आला की हे लोकांनी स्वतः सांगितलंय, तपासलेलं नाही. अहो मग तपासा की, कोणी हात धरलेत?

माझी मावशी (तिला विचारूनच लिहितेय, नाव घालू नको म्हणाली). 1991 ला तालुक्याच्या एका दवाखान्यात बाळंतपणात खूप रक्त गेलं, काका रात्रीच्या एसटीने जिल्ह्याला जाऊन बाटली घेऊन आले, थर्मासात बर्फ घालून. रक्त विकणारी माणसं तेव्हा हॉस्पिटलबाहेर उभीच असायची, सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे 1998 पासून ते बंद झालं. 2003 ला मावशी पॉझिटिव्ह निघाली. काका निगेटिव्ह. ती सांगत होती, मला रक्त चढवलं होतं हो. काउन्सेलर बाईंनी काकांना बाहेर बसवलं आणि हिला हळूच विचारलं, "दुसरं कोणी होतं का?" आणि टिक केली लैंगिक संबंधांच्या रकान्यात. म्हणजे ग्रुपवरच्या काकांच्या त्या एक टक्क्यात माझी मावशी नाहीच!

बरं, मान्य, काही लोक लाजेपोटी रक्ताचं नाव पुढे करत असतील. पण मग आकडा दोन्हीकडून चुकतो ना, एकाच बाजूने कसा काय छाटता?

ब्रिटनमध्ये दूषित रक्तातून झालेल्या लागणीसाठी अख्खी चौकशी बसली, मे 2024 ला रिपोर्ट आला. हिमोफिलियाच्या (रक्त लवकर न गोठण्याचा आजार) पेशंटची नोंद होती, त्यामुळे त्यांच्यातले एचआयव्हीवाले साधारण 1,250, त्यात 380 च्या आसपास लहान मुलं. साधं रक्त चढवलेल्यांची तशी यादी नव्हती, तर संख्याशास्त्रज्ञ बसवून अंदाज काढला, 80 ते 100. जुने पाप आहे, उशीर केला, सगळं खरं, पण हा अंदाज आहे असं सांगून रेंज दिली आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे नागपूरला 2022 मध्ये थॅलेसेमियाची चार पोरं पॉझिटिव्ह आली, एक गेलं. माफी कोणी मागितली? आठवत असेल तर सांगा.

आणि शोधायचं म्हटलं तरी ब्लड बँकेने रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं असा नियम. मावशीला कळलं बारा वर्षांनी. कुठे शोधणार ती बाटली कोणाची ते.

मावशी आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत, नातवाला घेऊन फिरते. रागही नाही तिला. मला आहे पण. अजूनही नॅट टेस्ट (रक्तात विषाणूच आहे का ते थेट शोधणारी) सगळीकडे सक्तीची नाही. नुकतीच लागण झालेला डोनर साध्या टेस्टमध्ये निगेटिव्ह दिसू शकतो, नॅटने ते दिवस कमी होतात. शून्य होत नाहीत, हे पण खरं. महाग पडते म्हणे. असेल.

आणि "मग रक्तदान करायचं नाही का" असं विचारायला कमेंटमध्ये येऊ नका. करा, मीही करते. फक्त फॉर्मवरचे प्रश्न वाचून खरी उत्तरं द्या, मित्र बाजूला उभा आहे म्हणून खोटं टिक करू नका. आणि फुकटात टेस्ट होते म्हणून शिबिरात घुसणाऱ्यांनो, सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्र) जा, तिथेही फुकटच होते.